स्टेरॉइडच्या चिठ्ठीवर हाडांसाठीही एक ओळ हवी

तुम्ही किंवा तुमच्या घरातले कोणी स्टेरॉइडच्या गोळ्या घेत असाल, तर डॉक्टरांची शेवटची चिठ्ठी जरा समोर घ्या. पहिल्या दोन-तीन ओळींत स्टेरॉइडचे नाव असेल. त्याखाली जवळजवळ हमखास ॲसिडिटीची गोळी असेल, सकाळी उपाशीपोटी घ्यायची. आता त्याच चिठ्ठीवर हाडांसाठी काही लिहिले आहे का ते बघा. फार तर कॅल्शियमची एक गोळी सापडेल. बऱ्याच चिठ्ठ्यांवर तेवढीही नसते.

गंमत अशी की दुसरे काही औषध चालू नसताना नुसत्या स्टेरॉइडने पोटात अल्सर होण्याचा धोका बहुतेकांमध्ये थोडाच असतो. सोबत वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर तो वाढतो, आणि तेव्हा पोटाचे संरक्षण हवेच. पण महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेतल्यावर हाडे ठिसूळ होणे हा या औषधाचा नेहमी आढळणारा आणि पूर्णपणे माहीत असलेला दुष्परिणाम आहे. पोटाची गोळी लिहायला आम्ही डॉक्टर सहसा विसरत नाही, पण हाडांचा विषय ‘पुढे बघू’ म्हणून राहून जातो. हा क्रम उलटा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. स्टेरॉइड तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ चालणार असेल, तर हाडांचा विचार पहिल्याच भेटीत व्हायला हवा आणि तो चिठ्ठीवर लिहिलेला दिसायला हवा.

आधी एक गोष्ट: स्टेरॉइड बंद करू नका

हा लेख वाचून कोणी गोळी बंद केली तर फायद्याऐवजी नुकसानच होईल. म्हणून हे सर्वांत आधी सांगतो.

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुण रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोनचे इंजेक्शन दिले. अंथरुणातून उठणे मुश्कील झालेली ती रुग्ण काही दिवसांत चालू लागली. १९५० साली हेंच, केंडाल आणि राइकस्टाइन या तिघांना या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. ल्युपसमध्ये मूत्रपिंड वाचवणारे, पेम्फिगसमध्ये अंगावरचे फोड थांबवणारे, जीवघेण्या दम्यात श्वास परत आणणारे हेच औषध आहे. आजही त्याला सहज पर्याय नाही.

शिवाय काही आठवडे गोळी घेतल्यावर आपल्या मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसोल बनवणे कमी करतात. अशा वेळी गोळी अचानक बंद केली तर प्रचंड थकवा, उलट्या, रक्तदाब घसरणे, क्वचित जिवावर बेतणे, इथपर्यंत मजल जाऊ शकते. डोस उतरवायचा तो डॉक्टरांनी, पायरी-पायरीने. हाडांच्या भीतीने परस्पर गोळी सोडू नका.

म्हणजे आपली निवड ‘स्टेरॉइड की हाडे’ अशी नाही. स्टेरॉइड घ्यायचे आणि हाडेही सांभाळायची, आणि बहुतेक रुग्णांना हे जमण्यासारखे आहे.

कोणते स्टेरॉइड आणि किती?

इथे आपण बोलतोय ते पोटात घ्यायच्या गोळ्यांबद्दल: प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकॉर्ट, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन. जिममध्ये शरीर कमावण्यासाठी घेतली जाणारी स्टेरॉइड्स वेगळी, त्यांचा इथे संबंध नाही.

दम्याचा पंप वापरणाऱ्यांनी घाबरू नये. पंपातले औषध थेट फुप्फुसात जाते आणि मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. नेहमीच्या डोसमध्ये हाडांवर त्याचा परिणाम गोळ्यांच्या तुलनेत खूपच कमी असतो. पंप सोडला की दमा बळावतो, मग गोळ्यांचा कोर्स घ्यावा लागतो. हाडांच्या दृष्टीनेही तो तोट्याचाच सौदा.

गोळीवरचा आकडा लहान म्हणजे डोस लहान, असेही नाही. प्रेडनिसोलोनचे ५ मि.ग्रॅ. म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोनचे ४ मि.ग्रॅ., डेफ्लाझाकॉर्टचे साधारण ६ मि.ग्रॅ. आणि डेक्सामेथासोनचे फक्त ०.७५ मि.ग्रॅ. ‘अर्ध्या मि.ग्रॅ.ची बारीकशी गोळी तर घेतो’ म्हणणारे काका डेक्सामेथासोन घेत असतील, तर ती प्रेडनिसोलोनच्या ३ मि.ग्रॅ.हून अधिक भरते.

हाडांसाठी ‘अगदी सुरक्षित’ म्हणावा असा गोळीचा डोस नाही. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की प्रेडनिसोलोनच्या हिशेबाने दिवसाला २.५ मि.ग्रॅ. किंवा जास्त डोस तीन महिन्यांहून अधिक चालणार असेल, तर हाडे मोडण्याच्या धोक्याचा अंदाज घ्यायलाच हवा. २००० साली ब्रिटनमधील सुमारे अडीच लाख रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज ७.५ मि.ग्रॅ. किंवा जास्त घेणाऱ्यांमध्ये मणक्याच्या फ्रॅक्चरचा धोका सुमारे पाचपट आणि खुब्याच्या फ्रॅक्चरचा दुपटीहून थोडा अधिक आढळला. त्याच अभ्यासात एक दिलासाही होता: गोळी बंद झाल्यावर हा धोका बराच लवकर खाली आला.

आणखी एक गट नेहमी निसटतो. दर दोन-तीन महिन्यांनी दमा उसळला की पाच-सात दिवसांचा ‘छोटा कोर्स’ घेणारे. प्रत्येक कोर्स छोटा असला तरी वर्षाची बेरीज मोठी होते. ती बेरीज कोणीच करत नाही, कारण प्रत्येक वेळी डॉक्टर वेगळे असतात.

हाडात नेमके काय होते?

हाड म्हणजे घट्ट, निर्जीव खांब नाही. जुन्या वाड्यासारखी त्याची सतत डागडुजी चालू असते. एक पेशींची टोळी जुने हाड पोखरून काढते, दुसरी टोळी तिथे नवे हाड भरते. स्टेरॉइड सुरू झाले की भरणाऱ्या पेशी कमी बनतात आणि लवकर मरतात. पोखरणाऱ्या पेशी मात्र सुरुवातीला जास्त काळ टिकतात. पाडकाम चालू आणि गवंडी रजेवर, अशी अवस्था होते.

याशिवाय आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते आणि लघवीतून जास्त निघून जाते. हाडांना आधार देणारी पुरुष व स्त्री संप्रेरके कमी होतात. मांड्यांचे स्नायू अशक्त होतात. ‘खाली बसलो की उठता येत नाही’ ही स्टेरॉइड घेणाऱ्यांची नेहमीची तक्रार याच कारणाची. म्हणजे हाड नाजूक होते आणि माणूस पडण्याची शक्यताही वाढते. त्यात मूळ आजाराची भर: आमवातासारखे आजार स्वतःही हाडे झिजवतात.

हे नुकसान पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगाने होते. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत फ्रॅक्चरचा धोका वाढू लागतो, पुढे झीज सुरू राहते पण वेग मंदावतो. म्हणूनच ‘आधी आजार आटोक्यात येऊ दे, वर्षभराने हाडांची तपासणी करू’ हे मला पटत नाही. तोवर झीज होण्याचा मुख्य काळ निघून गेलेला असतो.

डेक्साचा रिपोर्ट चांगला आला, मग झाले का?

हाडांची घनता मोजणारी तपासणी म्हणजे डेक्सा स्कॅन. कंबरेचे मणके आणि खुबा यांची घनता त्यात मोजतात. न दुखणारी, दहा-पंधरा मिनिटांची, अत्यल्प किरणांची तपासणी आहे ही. रिपोर्टमध्ये टी-स्कोअर असतो. उणे १ किंवा त्याहून वर असेल तर सामान्य, उणे १ ते उणे २.५ म्हणजे घनता कमी, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. पन्नाशीच्या आतल्या पुरुषांत आणि पाळी चालू असलेल्या स्त्रियांत झेड-स्कोअर बघतात. शिबिरांमध्ये टाचेवर यंत्र ठेवून केलेली चाचणी म्हणजे डेक्सा नव्हे. उपचार ठरवायला ती पुरत नाही.

पण स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या बाबतीत हा आकडा थोडा फसवा असतो. डेक्सा हाडात खनिज किती आहे ते मोजते. स्टेरॉइड त्याबरोबर हाडाची वीण बिघडवते, आणि ती या आकड्यात दिसत नाही. रजोनिवृत्तीनंतरच्या दोन बायकांचा टी-स्कोअर अगदी सारखा असला, तरी स्टेरॉइड घेणारीचे हाड आधी मोडू शकते. म्हणून ‘उणे १.८ आहे, अजून ऑस्टिओपोरोसिस नाही’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. वय, डोस, वजन, आधीचे फ्रॅक्चर, आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का, तंबाखू, दारू या सगळ्यांची मिळून जोखीम काढायची असते. त्यासाठी ‘फ्रॅक्स’ नावाची गणनपद्धत आहे. ती डेक्साशिवायही वापरता येते. तालुक्याच्या गावी डेक्सा मशीन नाही म्हणून उपचार अडून राहावेत, असे काही नाही.

दुसरी गोष्ट मणक्यांची. मणक्याचे फ्रॅक्चर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अपघात येतो. स्टेरॉइडने नाजूक झालेला मणका मात्र पाण्याची बादली उचलताना, जोरात खोकताना, एसटीतून जाताना एखाद्या खड्ड्यात बसलेल्या दणक्यानेही दबू शकतो. बऱ्याचदा तर दुखतच नाही, किंवा ‘कंबर धरली’ म्हणून मलम चोळले जाते. म्हणून भिंतीला पाठ लावून, अनवाणी उभे राहून सहा महिन्यांतून एकदा उंची मोजा आणि लिहून ठेवा. तरुणपणापेक्षा चार सें.मी. किंवा त्याहून जास्त उंची कमी झाली असेल, पाठ पुढे झुकू लागली असेल, ब्लाउज किंवा शर्ट पुढून लांब आणि मागून आखूड वाटू लागला असेल, तर मणक्यांचा एक्स-रे काढून घ्या. एक मणका दबला असेल तर दुसरा दबण्याची शक्यता बरीच वाढते. उपचार तिथेच सुरू व्हायला हवेत.

‘कॅल्शियम चालू आहे ना!’

या वाक्याने जितके खोटे समाधान मिळते तितके क्वचितच दुसऱ्या कशाने मिळत असेल. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हा पाया आहे. पण धोका मध्यम किंवा जास्त असेल तर नुसत्या पायावर भागत नाही. गवंडीच रजेवर असेल तर नुसत्या विटा आणून भिंत उभी राहत नाही.

तरीही विटा लागतातच, म्हणून हिशेब सांगतो. दिवसाला आहार आणि गोळी मिळून १००० ते १२०० मि.ग्रॅ. कॅल्शियम पुरेसे आहे. एक कप (२०० मि.लि.) दुधात सुमारे २४० मि.ग्रॅ. असते. वाटीभर दह्यात दीडशे ते दोनशे. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण साडेतीनशे, म्हणजे एका मध्यम भाकरीत पावणेदोनशे-दोनशे. तिळात भरपूर असते, पण सगळे शोषले जात नाही. मासे खाणाऱ्यांसाठी काट्यासकट खाल्ले जाणारे छोटे मासे उत्तम. दोन कप दूध, एक वाटी दही आणि एक नाचणीची भाकरी असा रोजचा आहार असेल तर आठशेच्या आसपास पोचलात. मग ५०० ची एकच गोळी पुरे. दिवसभरात नुसता दोन कप चहा, तोही अर्ध्या दुधाचा, असा हिशेब असेल तर दोन लागतील.

पाकिटावरचा आकडा नीट वाचा. कॅल्शियम कार्बोनेट १२५० मि.ग्रॅ. म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मि.ग्रॅ. ही गोळी जेवणानंतर घ्यावी. ॲसिडिटीची गोळी कायम चालू असेल तर कार्बोनेट नीट शोषले जात नाही, अशा वेळी डॉक्टरांना सायट्रेटबद्दल विचारा. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर ठेवा. मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू नाहीत, आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. लोणची-पापड कमी करा. जास्त मिठाबरोबर लघवीतून कॅल्शियम वाहून जाते, आणि स्टेरॉइडने रक्तदाबही वाढतो.

ड जीवनसत्त्व भरपूर उन्हाच्या आपल्या देशातही अनेकांमध्ये कमी आढळते. ल्युपससारख्या आजारात तर ऊन टाळायलाच सांगितलेले असते. रक्त तपासून ड जीवनसत्त्व ३० नॅनोग्रॅमच्या वर राहील असे बघावे. ६० हजार युनिटची पुडी ‘आठवड्यातून एकदा, इतके आठवडे’ अशी दिलेली असते. ती स्वतःच्या मनाने वर्षानुवर्षे चालू ठेवू नका किंवा रोज घेऊ नका. हे जीवनसत्त्व शरीरात साठते आणि अति झाले की रक्तातले कॅल्शियम धोकादायक वाढते.

हाडांचे खरे औषध, आणि त्याची भीती

चाळिशीच्या आतल्या, कमी डोस घेणाऱ्या आणि आधी कधी हाड न मोडलेल्या बहुतेकांना आहार, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि व्यायाम एवढे पुरते. हाडांचे औषध सरसकट सगळ्यांना द्या, असे माझे म्हणणे नाही. पण चाळिशी ओलांडलेले, ज्यांचा अंदाजित धोका मध्यम किंवा जास्त आहे असे, आधी फ्रॅक्चर झालेले, किंवा दिवसाला ३० मि.ग्रॅ. वा जास्त डोस महिनाभराहून अधिक काळ लागलेले, अशांनी ‘मला हाडांचे औषध हवे का?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध म्हणजे बिसफॉस्फोनेट. त्यातली अ‍ॅलेन्ड्रोनेट ७० मि.ग्रॅ.ची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि ती फार महागही नाही. ती घेण्याची पद्धत मात्र काटेकोर आहे. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नाही व काही खायचे-प्यायचे नाही. चहा-नाश्त्याबरोबर घेतली तर ती शोषलीच जात नाही म्हटले तरी चालेल. लगेच आडवे झालात तर अन्ननलिकेत जळजळ, जखम होऊ शकते. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे झोलेड्रोनिक ॲसिड आहे. फारच नाजूक हाडे असतील तर नवे हाड बनवणारे टेरिपॅराटाइड, रोज पोटावर किंवा मांडीवर टोचून घ्यायचे. सहा महिन्यांनी एकदा घ्यायचे डेनोसुमॅबही आहे. पण त्याची तारीख चुकवायची नाही आणि परस्पर बंद करायचे नाही. ते मध्येच सोडले की झीज उसळून एकाच वेळी अनेक मणके दबल्याची उदाहरणे आहेत.

‘या गोळ्यांनी जबड्याचे हाड सडते म्हणे’, हे नेटवर वाचून आलेले रुग्ण बरेच असतात. जबड्याची ही तक्रार खरी आहे. पण ती प्रामुख्याने कर्करोगात दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रांमध्ये दिसते, ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत ती फार विरळ. दात काढायचा असेल तर शक्यतो औषध सुरू होण्याआधी काढून घ्या आणि दातांच्या डॉक्टरांना या औषधाबद्दल सांगा. दातांची सफाई किंवा फिलिंगला अडचण नाही. दीर्घकाळ वापरानंतर मांडीच्या हाडाचे एक वेगळ्या प्रकारचे फ्रॅक्चरही क्वचित होते, म्हणून काही वर्षांनी औषध चालू ठेवायचे का याचा फेरविचार करतात. मांडीत नवे, न थांबणारे दुखणे सुरू झाले तर सांगा. मूत्रपिंडांचे काम खूप कमी झालेले असेल, किंवा पुढे मूल हवे असेल, तर औषधाची निवड बदलते. हेही आधीच सांगा.

विरळ दुष्परिणामाला घाबरून नेहमीचा धोका पत्करणे शहाणपणाचे नाही. दोन्ही धोके शेजारी ठेवून बघा.

जबाबदारी कोणाची?

माझ्या मते या विषयाची खरी गाठ इथे आहे. स्टेरॉइड लिहितात छातीचे, त्वचेचे, मूत्रपिंडाचे, संधिवाताचे, पोटाचे डॉक्टर. हाड मोडल्यावर रुग्ण जातो अस्थिरोगतज्ज्ञाकडे. मधल्या काळात हाडे कोणाच्याच खात्यात नसतात. प्रत्येकाला वाटते दुसऱ्याने बघितले असेल.

माझे मत साधे आहे. जो स्टेरॉइड लिहितो, त्याने हाडांचेही लिहावे. त्यासाठी हाडांचा तज्ज्ञ असण्याची गरज नाही. धोका किती, कॅल्शियम किती, ड जीवनसत्त्व तपासले का, डेक्सा कधी, औषध हवे का, एवढेच ठरवायचे असते. गुंतागुंतीचे असेल तर एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे किंवा संधिवाततज्ज्ञाकडे पाठवता येते.

‘ओपीडीत शंभर पेशंट असतात, वेळ कुठे आहे?’ आणि ‘पेशंट आधीच आठ गोळ्या खातोय, नववी कशाला?’ हे आक्षेप मला ठाऊक आहेत, आणि त्यांत तथ्यही आहे. पण गोळ्यांची संख्याच कमी करायची असेल तर सुरुवात हाडांपासून का? गरज नसताना चालू राहिलेली ॲसिडिटीची गोळी आधी तपासावी. ती वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये फ्रॅक्चर थोडे जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत. आणि वेळेचे म्हणाल तर मोडलेल्या खुब्यात रुग्णाचा, नातेवाइकांचा आणि रुग्णालयाचा किती वेळ जातो, तेही मोजा.

घरात काय सांभाळायचे?

‘हाडे ठिसूळ आहेत’ कळल्यावर बरेच जण हालचालच कमी करतात. मोडेल म्हणून बसून राहतात. बसून राहिलेले हाड आणखी झिजते. रोज अर्धा तास चाला. खुर्चीतून हात न टेकता उठा-बसा, आधी पाच वेळा, मग दहा. मांडीचे स्नायू सांभाळण्याचा हा सर्वांत सोपा व्यायाम. ओट्याला धरून एका पायावर उभे राहण्याचा सराव तोल सुधारतो.

मणका आधीच दबलेला असेल तर कंबरेतून पुढे वाकणारी आसने, जसे पादहस्तासन, पश्चिमोत्तानासन, हलासन, करू नका. योगशिक्षकांना तसे सांगा. भरलेली बादली, तांदळाचे पोते, गॅसचा सिलिंडर कंबरेत वाकून उचलू नका.

पडणे टाळणे हाही उपचारच आहे. मोरीतली ओली फरशी, सरकणारे पायपुसणे, रात्री अंधारात लघवीला उठणे, झिजलेल्या तळव्याच्या चपला, ही आपल्याकडची नेहमीची कारणे. बाथरूममध्ये आधाराची दांडी आणि रात्री एक मंद दिवा, एवढा खर्च करण्यासारखा आहे. झोपेच्या गोळ्या शक्यतो टाळा. मिश्री, तंबाखू, विडी, दारू या सगळ्यांनी हाडे झिजतात.

दोन धोक्याच्या खुणा

पहिली: जांघेत दुखणे. स्टेरॉइडमुळे क्वचित मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. याला एव्हीएन म्हणतात. ही हाडांच्या ठिसूळपणापेक्षा वेगळी गोष्ट आहे आणि तरुणांतही होते. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत स्टेरॉइड घेतलेल्या काहींमध्ये नंतर हा आजार मुंबईतील डॉक्टरांना आढळला होता. मांडी घालून बसताना जांघेत दुखत असेल आणि साधा एक्स-रे सामान्य असेल, तरी एमआरआयबद्दल विचारा. लवकर कळले तर सांधा वाचवण्याची संधी असते.

दुसरी: लपलेले स्टेरॉइड. सांधेदुखीवर किंवा दम्यावर दोन दिवसांत जादू करणारी, नाव-घटक काहीच न लिहिलेली पुडी मिळत असेल तर सावध व्हा. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइडची भेसळ अनेकदा सापडली आहे. चेहरा गोल होऊ लागला, साखर वाढली, अंगावर सहज काळे-निळे डाग पडू लागले, तर ती पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. तीही एकदम बंद करू नका. तसेच जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणत राहू नका. डोस कमी व्हायची वेळ कधीच होऊन गेलेली असते.

पुढच्या भेटीत विचारा

सर्वांत चांगले हाडांचे औषध म्हणजे आजार ताब्यात राहील असा कमीत कमी डोस, कमीत कमी काळ. म्हणून प्रश्नही तिथूनच सुरू करा. कागदावर लिहून न्या आणि उत्तरे त्याखालीच लिहून घ्या:

१. माझे स्टेरॉइड किती काळ चालेल? डोस कधी आणि कसा कमी करायचा? ते कमी करता यावे म्हणून दुसरे औषध आहे का?
२. माझ्या हाडांना धोका किती? डेक्सा किंवा मणक्यांचा एक्स-रे कधी करायचा?
३. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व मला नेमके किती हवे?
४. हाडांचे वेगळे औषध मला लागेल का? लागत नसेल तर पुन्हा कधी बघायचे?

हे विचारल्याने डॉक्टर रागावतील अशी भीती बाळगू नका. घाईच्या ओपीडीत रुग्णाने नेमका प्रश्न विचारला तर आम्हालाही मदतच होते. आणि कोणी उत्तरादाखल नुसते ‘कॅल्शियम घ्या’ म्हणाले, तर नम्रपणे दुसरा आणि चौथा प्रश्न पुन्हा विचारा.